एक, सात, तीन, नऊ : चिनी अंकांची युनिकोडमधील मांडणी

एक, सात, तीन, नऊ, दोन, पाच, आठ, सहा, चार. चिनी लिपीतील एक ते नऊ ही अंकचिन्हे केवळ सांकेतिक क्रमांकांच्या आधारे चढत्या क्रमाने लावायला सांगितली, तर संगणक ती अशी लावून देतो. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या माझ्या एका परिचितांकडे चीनहून आलेल्या मागांच्या सुट्या भागांची यादी होती. तिच्यातील विभागांना चिनी अंक दिलेले होते, आणि एका साध्या स्क्रिप्टने यादी क्रमवार लावल्यावर सातवा विभाग पहिल्याच्या पाठोपाठ आला, तर चौथा थेट तळाला गेला. फाइल बिघडून आली आहे, असा त्यांचा समज झाला. फाइलमध्ये काहीही बिघाड नव्हता. हिशेबाची लहानमोठी सॉफ्टवेअर लिहिणे हा माझा व्यवसाय असल्याने हा प्रश्न माझ्याकडे आला आणि त्यानिमित्ताने चिनी अंक संगणकात कसे साठवले जातात याचा जो अभ्यास झाला, तो येथे मांडत आहे.

प्रथम आपल्या अंकांकडे पाहू. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्या संगणकात साठवण्याच्या सामाईक मानकात, प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५. उरलेले आठ अंक त्यांच्यामध्ये ओळीने बसलेले आहेत. तेलुगू शून्य ३१७४ वर आहे आणि कन्नड शून्य ३३०२ वर. या दोहोंमधील अंतर बरोबर १२८ आहे, कारण भारतीय लिप्यांची मांडणी 'इस्की' या भारतीय मानकावरून घेताना प्रत्येक लिपीला १२८ जागांचा एकसारखा पट्टा देण्यात आला आणि त्या पट्ट्यात अंकांची जागाही तीच राखली गेली. सोलापूरकराला हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा येथे रोज कानांवर पडतात आणि कर्नाटकातून येणाऱ्या बसच्या पाटीवरील कन्नड आकडे ओळखणारे लोक गावात पुष्कळ आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी हे सर्व अंक एकाच जातीचे आहेत : चिन्हाच्या क्रमांकातून त्या लिपीच्या शून्याचा क्रमांक वजा केला की किंमत मिळते. पायथॉन या भाषेतील मजकुराची संख्या करून देणारे 'इंट' हे फंक्शन देवनागरी '१२५' हा मजकूर विनातक्रार स्वीकारते.

त्याच फंक्शनला चिनी 'एक' दिला, तर ते त्रुटी दाखवून थांबते.

चिनी 'एक' म्हणजे एक आडवी रेघ, आणि तिचा क्रमांक १९९६८ आहे. 'दोन' म्हणजे एकाखाली एक अशा दोन रेघा. त्यांचा क्रमांक २०१०८. 'तीन'च्या तीन रेघा १९९७७ वर, म्हणजे 'दोन'च्याही अलीकडे. 'चार' २२२३५ वर आहे. 'दहा', 'शंभर' आणि 'हजार' यांना चिनी लिपीत स्वतंत्र चिन्हे आहेत. त्यांपैकी दहा २१३१३ वर, हजार त्याच्यापासून दोनच जागा पुढे २१३१५ वर, आणि शंभर मात्र पार ३०३३४ वर आहे. दहा हजारांसाठी 'वान' हे वेगळे चिन्ह आहे आणि त्याचे आजचे सोपे रूप १९९७५ वर, म्हणजे सात आणि तीन यांच्या मधोमध, बसले आहे.

या विस्कळीतपणामागे एक जुना आणि अतिशय शिस्तबद्ध कोश आहे. चीनमध्ये खांगशी सम्राटाच्या आज्ञेने तयार झालेला शब्दकोश १७१६ साली पूर्ण झाला. त्यात हजारो चिन्हे २१४ घटकचिन्हांच्या, म्हणजे चिन्हांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ आकारांच्या, गटांत विभागली आहेत, आणि प्रत्येक गटात घटकचिन्ह सोडून उरलेल्या रेघा जितक्या कमी, तितके ते चिन्ह आधी येते. युनिकोडमध्ये १९९२ साली चिनी, जपानी आणि कोरियन मजकुरांतील २०,९०२ चिन्हे एकत्र करून घातली गेली, तेव्हा त्यांचा क्रम लावताना याच कोशाला पहिला मान मिळाला. 'एक' हे कोशातील पहिलेच घटकचिन्ह असल्याने ते सर्वांच्या आधी आले. 'सात' आणि 'तीन' ही त्याच गटातली. सातात एक रेघ जास्त, तीनात दोन, म्हणून सात आधी. 'नऊ' पाचव्या घटकचिन्हाखाली येतो. 'दोन' हे स्वतःच सातवे घटकचिन्ह आहे आणि 'पाच' त्याच्याखाली नोंदलेला आहे. 'आठ' बारावे घटकचिन्ह, 'सहा' त्याच्या पोटात. 'चार' चौकटीच्या आकाराच्या एकतिसाव्या घटकचिन्हाखाली आहे, म्हणून तो सर्वांत मागे राहिला. 'शंभर' हे चिन्ह तर 'पांढरा' या अर्थाच्या घटकचिन्हाखाली, १०६ व्या गटात आहे. कोशकारांनी चिन्हांचे आकार पाहिले; त्यांच्या किमतीशी कोशाला कर्तव्य नव्हते.

हा क्रम विचित्र वाटत असेल, तर आपण आपल्याच संख्यावाचक शब्दांची यादी बाराखडीप्रमाणे लावून पाहावी : आठ, एक, चार, तीन, दोन, नऊ, पाच, सहा, सात. मराठी शब्दकोशात हे शब्द याच क्रमाने येतात आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण ते शब्द आहेत, अंक नव्हेत. युनिकोडने चिनी अंकचिन्हांच्या बाबतीत नेमकी हीच भूमिका घेतली आहे. त्यांना अंकांच्या वर्गात न घालता अक्षरांच्या वर्गात घातले आहे, आणि माझ्या मते हा निर्णय पूर्णपणे योग्य आहे. तो का योग्य आहे, हे पुढे येईल.

तत्पूर्वी एक गोष्ट नोंदवली पाहिजे : हा गोंधळ युनिकोडने निर्माण केलेला नाही. १९८० साली चीनने 'जीबी २३१२' हे आपले राष्ट्रीय मानक आणले, त्यात ६,७६३ चिन्हे होती. त्यांतील अधिक वापराची ३,७५५ चिन्हे रोमन लिपीतील उच्चारलेखनाच्या वर्णक्रमाने लावलेली होती. त्यामुळे त्या मानकात 'बा' म्हणजे आठ सर्वांत आधी, त्यानंतर दोन, नऊ, सहा, सात, तीन, चार, पाच, आणि 'यी' म्हणजे एक सर्वांत शेवटी येतो. तैवानमध्ये १९८४ साली तयार झालेल्या 'बिग फाइव्ह' या मानकात रेघांची संख्या पायाभूत धरली गेली, म्हणून तेथे क्रम झाला एक, सात, नऊ, दोन, आठ, तीन, पाच, सहा, चार. म्हणजे तीन मानकांनी तीन वेगवेगळे क्रम लावले आणि त्यांतल्या एकातही दोनानंतर तीन व तीनानंतर चार असे ओळीने येत नाहीत. जुन्या चिनी फाइली या वेगवेगळ्या मानकांत साठवलेल्या असतात, आणि एका मानकाची फाइल दुसऱ्या मानकाने उघडली की पडद्यावर निरर्थक खुणांचा सडा पडतो. डीटीपीच्या जुन्या फाँटांतील मराठी मजकूर ज्यांनी नव्या संगणकावर उघडून पाहिला आहे, त्यांना ते दृश्य वेगळे वर्णन करून सांगायला नको.

आता अंक आणि अक्षर या भेदाकडे वळू. युनिकोडमध्ये संख्यावाचक चिन्हांचे तीन प्रकार मानले जातात. पहिला प्रकार दशमान अंकांचा : शून्य ते नऊ ओळीने असलेले आणि स्थानमूल्याने वापरले जाणारे अंक. देवनागरी, कन्नड, तेलुगू यांचे अंक या प्रकारात आहेत. दुसऱ्या प्रकारात वर्तुळातील किंवा ओळीच्या वर लिहिलेले आकडे येतात. ते एकेरी अंक असले, तरी त्यांची संख्या रचली जात नाही. तिसऱ्या प्रकारात उरलेले सर्व येते, म्हणजे अपूर्णांक, रोमन आकडे आणि चिनी अंकचिन्हे. पायथॉनला चिनी 'एक' दाखवून 'हा दशमान अंक आहे का' असे विचारले तर उत्तर नकारार्थी येते, 'हा एकेरी अंक आहे का' याचेही उत्तर नकारार्थी येते, आणि 'याला संख्यामूल्य आहे का' असे विचारल्यावर मात्र होकार मिळतो. हे मूल्य चिन्हाच्या क्रमांकातून काढता येत नाही. चिनी चिन्हांची माहिती साठवणारा 'युनिहान' नावाचा एक स्वतंत्र तक्ता युनिकोडसोबत ठेवलेला असतो आणि त्यात प्रत्येक चिन्हापुढे त्याचे मूल्य लिहिलेले असते. एका ओळीत सांगायचे, तर आपल्या अंकांची किंमत त्यांच्या जागेत आहे आणि चिनी अंकांची किंमत वहीत आहे.

असे का करावे लागले? कारण चिनी लिपीत संख्या आणि शब्द यांच्यासाठी वेगवेगळी चिन्हे नाहीत. मराठीत 'नऊ' हा शब्द अक्षरांनी लिहिला जातो आणि '९' हा अंक वेगळा असतो. चिनीत दोन्ही कामे एकच चिन्ह करते. हाँगकाँगमधील कौलून या भागाच्या नावातले पहिले चिन्ह 'नऊ'चे आहे, सिचुआन प्रांताच्या नावातले पहिले चिन्ह 'चार'चे आहे. ही चिन्हे अंक म्हणून वेगळी आणि अक्षर म्हणून वेगळी अशी दोनदा नोंदवली असती, तर टंकलेखन करणाऱ्याला प्रत्येक वेळी ठरवावे लागले असते की आपण आत्ता मोजतो आहोत की नाव लिहितो आहोत. दिसायला दोन्ही अगदी सारखीच असल्याने ही निवड कोणी नीट केली नसती आणि शोधयंत्रांना सिचुआन कधी सापडला असता, कधी नसता. अक्षर म्हणून एकदाच नोंदवून मूल्य बाजूच्या तक्त्यात ठेवण्याचा मार्ग त्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा आहे, भले त्यापायी माझ्यासारख्याचे काम थोडे वाढो.

चिनी संख्यालेखनाच्या दोन पद्धती आहेत आणि त्या समजून घेण्यासाठी सोलापूरकराला फार लांब जावे लागत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला, १९३८ साली ते भारतीय वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची निधनतिथी चिनी अंकचिन्हांत लिहायची, तर 'एक-नऊ-चार-दोन वर्ष, दहा-दोन महिना, नऊ दिवस' अशी चिन्हे येतात. सालातील चार चिन्हे आपल्या १९४२ प्रमाणेच स्थानमूल्याने वाचायची आहेत. महिन्यातील 'दहा-दोन' मात्र बेरीज करून बारा असा वाचायचा आहे. एकाच ओळीत दोन पद्धती शेजारीशेजारी नांदतात आणि कोठे कोणती लागू करायची हे पुढे 'वर्ष' आहे की 'महिना' यावरून वाचणाऱ्याला कळते. प्रोग्रामला ते शिकवावे लागते.

जन्मतिथीत आणखी एक अडचण आहे. साल आहे 'एक-नऊ-एक-शून्य', आणि महिना व दिवस दोन्ही 'दहा'. यातले शून्य वर्तुळाने दाखवतात. हे वर्तुळ खांगशी कोशात नाही, म्हणून युनिकोडने ते चिनी चिन्हांच्या मुख्य पट्ट्यात न घालता विरामचिन्हांच्या पट्ट्यात, १२२९५ या क्रमांकावर ठेवले. म्हणजे 'एक'पासून ते साडेसात हजारांहून अधिक जागा अलीकडे आहे. शिवाय त्याचा वर्गही इतर चिनी अंकांपेक्षा निराळा : ते 'अक्षर-संख्या' या वर्गात, म्हणजे रोमन आकड्यांच्या पंक्तीत बसते. चीनच्या १९८० च्या मानकात हे चिन्ह मुळात नव्हतेच. ते पुढे 'जीबीके' या विस्तारित मानकात आले. तोवर लोकांनी भूमितीतले साधे वर्तुळ, इंग्रजी 'ओ' किंवा आपला नेहमीचा इंग्रजी शून्य असे जे हाताशी येईल ते वापरले, आणि तो वारसा आजही जुन्या दस्तऐवजांत सापडतो. १९१० हे साल डोळ्यांना एकसारखे दिसत असूनही चार प्रकारांनी साठवलेले असू शकते आणि त्यांतील एका प्रकाराने शोध घेतला तर उरलेले तीन हाती लागत नाहीत.

संख्येच्या पोटातील रिकामी जागा दाखवण्यासाठी मात्र गुंतागुंतीच्या आकाराचे वेगळे शून्य वापरतात. ते ३८६४६ वर आहे. दोनशे पाच हे 'दोन-शंभर-शून्य-पाच' असे लिहायचे, आणि दोन हजार पाचमध्ये दोन स्थाने रिकामी असूनही शून्य एकदाच लिहायचे. हे शून्य स्थान दाखवत नाही, तर 'मध्ये काहीतरी सुटले आहे' एवढेच सांगते.

अक्षर म्हणून नोंद झाल्याचे काही परिणाम सहज लक्षात येत नाहीत. आपल्या मजकुरात ओळ संपताना १९४२ हे साल मधोमध तुटत नाही, कारण ओळ तोडण्याचे युनिकोडचे नियम अंकांच्या साखळीला हात लावत नाहीत. चिनी मजकुरात मात्र कोणत्याही दोन चिन्हांमध्ये ओळ तुटू शकते आणि अंकचिन्हेही त्याला अपवाद नाहीत. त्यामुळे 'एक-नऊ-चार' या ओळीच्या शेवटी आणि 'दोन' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, हे तेथे नियमाला धरूनच आहे. क्रमवारीतही तसेच. युनिकोडची क्रमवारीची मूळ सारणी देवनागरी १ आणि इंग्रजी एक यांना प्राथमिक पातळीवर समान वजन देते, म्हणून दोन्ही लिप्यांतील आकडे असलेली यादी नीट लागते. चिनी 'एक'ला ते वजन मिळत नाही. तो शेवटपर्यंत अक्षरच राहतो.

बँकेशी व्यवहार असलेल्या वाचकांना पुढचा भाग जवळचा वाटेल. चिनी एक म्हणजे एक रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. एकावर उभी रेघ मारली की दहा. एवढी सोय उपलब्ध असताना हुंडीवरील रक्कम सुरक्षित कशी राहणार? म्हणून हिशेबासाठी त्याच उच्चारांची, पण बऱ्याच जास्त रेघांची दुसरी चिन्हे वापरात आली. मिंग घराण्याचा संस्थापक हुंगवू सम्राट याच्या काळात १३८५ साली उघडकीस आलेल्या मोठ्या अपहारानंतर सरकारी हिशेबांत ती सक्तीची झाली, असे परंपरेने सांगतात. आजही चीनमधील धनादेशांवर आणि करबिलांवर एकूण रक्कम या चिन्हांत लिहितात आणि शेवटी 'पूर्ण' अशा अर्थाचे एक चिन्ह जोडतात. आपण 'अक्षरी रुपये' लिहून शेवटी 'फक्त' लिहितो, ते त्याच हेतूने.

संगणकाच्या दृष्टीने ही हिशेबी चिन्हे म्हणजे वेगळाच संसार आहे. युनिहानच्या तक्त्यात त्यांच्यासाठी 'हिशेबी मूल्य' असा स्वतंत्र रकाना आहे, कारण हिशेबाबाहेर त्यांना इतर अर्थही आहेत. हिशेबी 'पाच' आणि हिशेबी 'सहा' ही दोन्ही चिन्हे चिनी आडनावे म्हणूनही वापरली जातात. करबिलात एखाद्या व्यवस्थापकाच्या आडनावाला प्रोग्रामने सहा ही किंमत देऊन एकूण रकमेत मिळवले, तर दोष चिन्हाचा नाही. त्यात भर म्हणजे चीनमधील लिपीसुधारणेनंतर हिशेबी दोन, तीन आणि सहा यांची नवी सोपी रूपे झाली, तैवान-हाँगकाँगमध्ये जुनी राहिली, जपानमध्ये एक, दोन आणि तीन यांची तिसरीच रूपे रूढ झाली, आणि युनिकोडमध्ये या प्रत्येक रूपाला आपापला क्रमांक आहे. 'दोन' एवढ्या एका किमतीसाठी मला माझ्या तक्त्यात साधे चिन्ह एक आणि हिशेबी चिन्हे तीन ठेवावी लागतात.

सारखी दिसणारी चिन्हे हा आणखी एक उपद्रव. नुसती आडवी रेघ घेतली, तरी ती चिनी 'एक' असू शकते, खांगशीच्या घटकचिन्हांच्या स्वतंत्र पट्ट्यातील १२०३२ क्रमांकाचे पहिले घटकचिन्ह असू शकते, जपानी काताकाना लिपीतील स्वर लांबवण्याची खूण असू शकते किंवा साधी संयोगरेषाही असू शकते. काताकानातील 'नि' हे अक्षर चिनी 'दोन'सारखे आणि 'हा' हे अक्षर चिनी 'आठ'सारखे दिसते. एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपे एका ठरावीक रूपात आणण्याच्या क्रियेला सामान्यीकरण म्हणतात. यांपैकी घटकचिन्हे आणि वर्तुळातील चिनी अंक सामान्यीकरणाच्या व्यापक प्रकाराने मूळ चिन्हांत परत आणता येतात, काताकाना मात्र येत नाही, कारण ती खरोखरच वेगळी अक्षरे आहेत. कोरियन मानकाची कथा त्याहून मजेशीर आहे. कोरियन भाषेत काही चिनी चिन्हांचे दोन उच्चार होतात, म्हणून त्या मानकाने उच्चारागणिक तेच चिन्ह पुन्हा नोंदवले, आणि जुन्या फाइली न बिघडता इकडून तिकडे जाव्यात यासाठी युनिकोडने ती दुहेरी चिन्हेही स्वीकारली. त्यामुळे 'सहा' हा २०८४५ वर आहे आणि ६३९५३ वरही आहे. सामान्यीकरणाच्या अगदी साध्या प्रकारातही दुसरा 'सहा' पहिल्यात विलीन होतो आणि कोरियन उच्चाराची खूण तेथेच पुसली जाते.

या सर्व पसाऱ्यात माझे आवडते अंक म्हणजे सूचौ या चिनी शहराच्या नावाने ओळखले जाणारे सूचौ अंक. ते व्यापाऱ्यांचे अंक, भरभर लिहिण्यासाठी घडलेले, आणि मोजणीच्या काड्यांवरून आलेले. हाँगकाँगच्या बाजारांत भावाच्या पाट्यांवर ते अलीकडच्या काळापर्यंत दिसत आले आहेत. त्यांच्यात एक, दोन, तीन हे उभ्या रेघांनी लिहितात. पण असे दोन अंक शेजारी आले तर रेघांची संख्या एकमेकींत मिसळेल, म्हणून दुसरा अंक आडव्या रेघांनी लिहितात आणि त्यासाठी नेहमीचीच चिनी चिन्हे उसनी घेतात. युनिकोडमध्ये एक ते नऊ हे सूचौ अंक १२३२१ ते १२३२९ असे ओळीने बसवले आहेत, पण त्यांचे शून्य म्हणजे तेच विरामचिन्हांच्या पट्ट्यातील वर्तुळ. दहाही अंक सलग नसल्याने, स्थानमूल्य असूनही, त्यांना दशमान अंकांचा दर्जा मिळाला नाही.

त्यांच्या नावाचेही एक प्रकरण आहे. युनिकोडमध्ये त्यांचे अधिकृत नाव 'हांगचौ अंक' असे पडले आहे. हांगचौ हे दुसरेच शहर. ही चूक मानकाने नंतर स्वतःच मान्य केली आणि तशी टीप जोडली, परंतु एकदा दिलेले चिन्हाचे नाव कधीही बदलायचे नाही, असा नियम असल्याने नाव तसेच राहिले. इतकेच नव्हे, तर दहा, वीस आणि तीस ही आणखी तीन चिन्हे जोडली गेली, त्यांनाही तेच चुकीचे नाव आहे. हा नियम काहींना हट्टीपणाचा वाटतो. मला तो पटतो. नावावर विसंबून लिहिलेले प्रोग्राम जगभर पसरलेले असताना, नाव सुधारण्यापेक्षा टीप जोडणे कमी नुकसानीचे आहे.

व्यापाऱ्यांच्या खुणांना उशिरा न्याय मिळण्याची ही गोष्ट आपल्याकडेही घडली आहे. मोडी हिशेबांत वापरल्या जाणाऱ्या पाव, निम्मे, पाऊण यांच्या खुणा युनिकोडमध्ये २००९ साली आल्या, आणि खुद्द मोडी लिपी तिच्या स्वतंत्र अंकांसह २०१४ साली आली. मोजणीच्या चिनी काड्यांचे अंक २००६ साली आले होते. पाच रेघांचे एक चिनी चिन्ह एकेक रेघ वाढवत मोजणीसाठी वापरतात. त्याच्या पाच अवस्था २०१८ साली नोंदल्या गेल्या, आणि त्याच वर्षी चार रेघांवर पाचवी मारून गठ्ठे मोजण्याची आपल्याला ओळखीची खूणही नोंदली गेली.

आता प्रत्यक्ष कामाकडे. चिनी मजकुरातून संख्या काढण्यासाठी मी जो प्रोग्राम लिहिला, तो आधी मजकुराचे सामान्यीकरण करतो, मग रकमेच्या रकान्यातील प्रत्येक चिन्हाची किंमत तक्त्यातून घेतो. त्या चिन्हांत दहा, शंभर, हजार, वान यांपैकी एकही नसेल, तर अंक स्थानमूल्याने वाचायचे. असेल, तर अंकाला त्याच्यामागून येणाऱ्या एककाने गुणायचे, बेरीज साठवत जायची, आणि 'वान' आला की तोपर्यंतच्या सर्व बेरजेला दहा हजारांनी गुणायचे. 'दहा-दोन-वान-पाच-हजार' यातले 'दहा-दोन' म्हणजे बारा, बारा वान म्हणजे एक लाख वीस हजार, त्यात पाच हजार मिळवून सव्वा लाख. आपण लाखापासून दोन-दोन स्थानांनी पुढे जातो, इंग्रजी पद्धत तीन-तीन स्थानांनी जाते आणि चिनी पद्धत चार-चार स्थानांनी; त्यामुळे आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा वान आणि आपला एक कोटी म्हणजे त्यांचे हजार वान. हिशेबनीस माणसाला इंग्रजीतल्या दशलक्षांपेक्षा हा हिशेब सोपा जातो, असा माझा अनुभव आहे, कारण लाख आणि वान यांच्यात फक्त एका शून्याचा फरक आहे.

वानच्या पुढे वान गुणिले वान, म्हणजे आपले दहा कोटी, यासाठीही एक चिन्ह आहे आणि तेथपर्यंत सर्व सुरळीत चालते. त्यापुढचे चिन्ह 'चाओ'. जपान आणि तैवानमध्ये त्याची किंमत एकावर बारा शून्ये, म्हणजे एक लाख कोटी. चीनमधील तांत्रिक मजकुरात तेच चिन्ह दहा लाखांसाठी वापरतात आणि संगणकाच्या संदर्भात मेगाबाइटसाठीही. क्रमांक एकच, २०८०६, चिन्ह एकच, किमतींत दहा लाख पटींचा फरक. यंत्राच्या माहितीपत्रकात ते स्मृतीचा आकार सांगत असते आणि एखाद्या अर्थविषयक बातमीत देशाचे अंदाजपत्रक. माझ्या तक्त्यात या चिन्हापुढचा किमतीचा रकाना मी मोकळा ठेवला आहे. ते आढळले की प्रोग्राम बेरीज थांबवतो आणि ती ओळ माणसाने तपासावी म्हणून बाजूला काढून ठेवतो.